शंभर वॅट, एक तार आणि अठ्ठेचाळीस तास

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. रेडिओ सिलोन लावायचे म्हणजे काय खटाटोप असे, ते सांगतील. सुई केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्येच खरखर, मध्येच शिट्टी, आणि मग एकाएकी समुद्रापलीकडचे गाणे स्वच्छ ऐकू येई. एवढ्या लांबचा आवाज तारेवाचून आपल्या ओसरीपर्यंत कसा आला, याचे नवल वाटे. पण तो रेडिओ नुसता ऐकण्याचा. त्याला उलट बोलता येत नसे.

उलट बोलता येईल असा रेडिओ घरी ठेवणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. त्यांना हौशी रेडिओचालक म्हणतात. आपसात ती स्वतःला ‘हॅम’ म्हणवतात. हा धंदा नव्हे. यात गाणी नाहीत, जाहिराती नाहीत, पैसे घेऊन निरोप पोचवणे नाही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या घरून देशोदेशीच्या हॅमशी बोलायचे. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक खूणनाव मिळते. आपल्याकडची खूणनावे बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ अशी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांचे खूणनाव व्हीयू२आरजी.

या मंडळींच्या स्पर्धा भरतात. तिथे मैदान नाही, प्रेक्षक नाहीत. ज्याने त्याने आपल्या घरी बसून खेळायचे. एखाद्या श्रीमंत चालकाकडे शंभर फुटी मनोरा आणि भारी यंत्रे असतात, तर दुसऱ्याकडे बांबूला बांधलेली एक तार. दोघे एकाच वेळी, एकाच आकाशात उतरतात. मग तारवाल्याने उतरावेच कशाला? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला चटकन पटेल असे आहे, म्हणून हा लेख.

शर्यत कशाची?

उदाहरणाला ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही स्पर्धा घेऊ. ही १९४८ सालापासून चालत आली आहे आणि हॅम मंडळींच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांत गणली जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती तोंडाने बोलून होते, तर नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सच्या कट्-कडकट् भाषेत. वेळ जागतिक घड्याळाची असल्याने आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. एकूण ४८ तास.

या वेळात जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क करायचा. संपर्क म्हणजे गप्पा नव्हेत. पलीकडचा ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ म्हणून साद घालतो. तुम्ही फक्त आपले खूणनाव सांगायचे. तो ते परत उच्चारतो आणि पुढे ‘फाइव्ह नाइन, वन फोर’ असे काही म्हणतो. पहिले दोन आकडे आवाज कसा येतो याचे, पुढचे दोन त्याच्या विभागाचे. या स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. इंग्लंड, जर्मनी १४ मध्ये, जपान २५ मध्ये, न्यूझीलंड ३२ मध्ये, दक्षिण आफ्रिका ३८ मध्ये. आपला महाराष्ट्र २२ मध्ये. तेव्हा तुम्ही ‘फाइव्ह नाइन, टू टू’ म्हणायचे. तो आभार मानतो आणि पुढच्याकडे वळतो. दहा-पंधरा सेकंदांत काम झाले.

खूणनावातली अक्षरे नुसती उच्चारून चालत नाहीत. खरखरीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ सारखीच ऐकू येतात. म्हणून ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’, ‘पापा’, ‘टँगो’ असे ठरलेले शब्द वापरतात. पहिलीच्या वर्गात आपण ‘ग गवताचा’ म्हणून शिकलो, त्यातलाच प्रकार.

गुणांचा हिशेब

आपल्याच देशातल्या केंद्राशी संपर्क झाला तर शून्य गुण. आशियातल्या दुसऱ्या देशाशी झाला तर १ गुण. दुसऱ्या खंडाशी झाला तर ३ गुण. ही झाली बेरीज. तिला गुणायचे असते. प्रत्येक पट्ट्यावर नवा देश मिळाला की गुणक एकाने वाढतो, नवा विभाग मिळाला की आणखी एकाने. गुणांची बेरीज गुणिले गुणक, हा अंतिम आकडा. स्वदेशातल्या संपर्काला गुण नसला तरी त्यानेही गुणक वाढतो, म्हणून प्रत्येक पट्ट्यावर एक तरी भारतीय गाठावाच.

समजा, तुमचे १०० संपर्क झाले. त्यांतले ६० दुसऱ्या खंडांतले, त्यांचे १८० गुण. ३५ आशियातले, त्यांचे ३५. उरलेले ५ भारतातले, त्यांचे शून्य. बेरीज २१५. देश ३० आणि विभाग १५ मिळाले असतील तर गुणक ४५. अंतिम आकडा ९,६७५. आता याच्यापुढे आधीच मिळालेल्या देशांतली युरोपची आणखी १० केंद्रे गाठलीत तर आकडा होतो ११,०२५. त्याऐवजी दुसऱ्या खंडांतले फक्त ५ नवे देश गाठलेत, तर २३० गुणिले ५०, म्हणजे ११,५००. दहा संपर्कांपेक्षा पाच नवे देश भारी पडले.

लहान केंद्राने हा हिशेब कोळून प्यावा. मोठ्या केंद्राशी संख्येत बरोबरी होणार नाही. पण कुठे वेळ घालवायचा आणि कुठून पुढे सरकायचे, ही निवड तुमच्याच हातात असते.

साधे केंद्र म्हणजे किती?

वापरलेला पण चांगल्या स्थितीतला १०० वॅटचा सेट, १२ व्होल्टची बॅटरी किंवा त्या दाबाचा वीजपुरवठा, डोक्याला लावायचा हेडफोन, जाड केबल आणि तांब्याची तार. या स्पर्धेत १०० वॅटपर्यंतच्या केंद्रांचा गट वेगळा असतो आणि ५ वॅटवर खेळणाऱ्यांचाही वेगळा. त्यामुळे तुमची कुस्ती तुमच्याच वजनाच्या गड्याशी लागते.

एरियलचे माप सोपे आहे. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये येते. १४.२ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर, ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर. तार मधोमध तोडून दोन्ही तुकड्यांच्या मध्ये केबल जोडायची. मध्यभाग उंच बांबूला किंवा झाडाला आणि दोन्ही टोके सुतळीने खुंट्यांना. थोडी जास्त तार ठेवून, मापून, मग हळूहळू कापत आणायची.

दिशाही पाहावी. अशी तार आपल्या दोन्ही बाजूंना जास्त फेकते, टोकांकडे कमी. तार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे ताणली आणि पुरेशी उंची मिळाली, तर तिचा जोर वायव्येला म्हणजे युरोपकडे आणि आग्नेयेला म्हणजे ऑस्ट्रेलियाकडे जातो. १४ मेगाहर्ट्झला १० मीटर उंची मिळाली तर उत्तम. खर्चाआधी उंची वाढवावी. एक लांब बांबू पुष्कळदा महागड्या यंत्राचे काम करतो.

एका बाबतीत हयगय नको. विजेच्या तारांवरून, खालून किंवा जवळून एरियल नेऊ नका. बांबू कोसळला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढे अंतर हवे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कडाडतो. ढग दिसताच खेळ थांबवावा, केबल सेटपासून सोडवून घराबाहेर ठेवावी. बॅटरी हवेशीर जागी असावी, वायरीवर फ्यूज असावा. ट्रॅक्टरची बॅटरी वापरली तर ती खोल उतरू देऊ नका, नाही तर सोमवारी ट्रॅक्टर जागचा हलायचा नाही.

ताकद वाढली म्हणून आवाज तेवढा वाढत नाही

या स्पर्धेत सर्वांत वरच्या गटाला १५०० वॅटपर्यंत मुभा असते. तुमच्या पंधरा पट. ऐकून छाती दडपते. पण सेटवर आवाजाचे माप दाखवणारी सुई असते, तिचा हिशेब पाहा. ती एक आकडा वर चढायला ताकद चौपट लागते. १०० चे ४०० वॅट झाले की एक आकडा, ४०० चे १६०० झाले की दुसरा. म्हणजे पंधरा पट ताकदीचा माणूस तुमच्यापेक्षा जेमतेम दोन आकडे वर आहे. आकाशाची वाट उघडी असेल तर दोन आकड्यांनी काही अडत नाही. वाट बंद असेल तर त्याचे १५०० वॅटही वाया जातात.

म्हणून वाट कधी उघडते हे ओळखणे महत्त्वाचे. पाणी थोडे असलेला शेतकरी दिवसभर मोट सोडून बसत नाही. पिकाला केव्हा हवे ते पाहून तेवढी पाळी देतो. इथेही तेच.

आकाशाच्या पाळ्या

जमिनीपासून सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी भारलेले हवेचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. आपली लहर तिथवर जाऊन खाली वळते आणि हजारो किलोमीटर दूर उतरते. दिवसा त्याच्या खालचा एक थर लांब लहरी पिऊन टाकतो, म्हणून ४० आणि ८० मीटरचे पट्टे दूरच्या कामाला रात्री चालतात. दिवसा १०, १५ आणि २० मीटर चालतात. सूर्यावरच्या डागांचे प्रमाण सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होते. डाग पुष्कळ असले की १० मीटरचा पट्टा फुलतो. २०२४ च्या सुमारास ते प्रमाण शिखरावर होते.

महाराष्ट्रातून ऑक्टोबरअखेर साधारण असा क्रम धरावा. शनिवारी साडेपाचला सुरुवात होते तेव्हा आपल्याकडे अंधार आणि युरोपातही रात्र. ४० मीटरवर युरोप मिळतो, पण सूर्य वर आला की तो विरत जातो. ती पहिली तासाभराची संधी घ्यावी. सकाळी १५ आणि १० मीटरवर पूर्व उघडते. जपानची केंद्रे पुष्कळ आणि त्यांचे कान तीक्ष्ण. गुण एकच, पण नवे विभाग मिळतात. दुपारी युरोपात उजाडले की १० आणि १५ मीटर पश्चिमेला वळतात. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत हा आपला भर हंगाम, कारण प्रत्येक संपर्क तीन गुणांचा. संध्याकाळी २० मीटर धरावा. युरोप, आफ्रिका, आणि दैव बरे असेल तर अमेरिकेचा पूर्व किनारा. रात्री पुन्हा ४० मीटर.

४८ तास जागावे असा नियम नाही. तो हंगाम खरीप काढणीचा आणि रब्बी पेरणीचा. धार काढायची असते, रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला जायचे असते. यातून सहा-आठ तासच काढता येत असतील तर पहाटेचा एक, दुपारचे तीन, संध्याकाळचे दोन असे निवडावेत. घरच्यांशी आधी बोलून वेळ ठरवावी, म्हणजे सेटजवळ बसल्यावर मन लागते.

गावाकडच्या केंद्राला एक देणगी मिळालेली असते, ती म्हणजे शांतता. शहरात दिवे, लिफ्ट, इन्व्हर्टर, शेजाऱ्यांची यंत्रे यांची मोठी खरखर असते आणि बारीक आवाज तिच्यात बुडतो. गावात तो ऐकू येतो. मात्र दर सेकंदाला टक् टक् असा आवाज आला तर कुणाच्या तरी बांधावरचे झटका मशीन तारेला गवत लागून ठिणगी टाकत असेल. शेजाऱ्याला सांगून ते गवत काढून द्यावे. रेडिओ शांत होतो आणि त्याचे कुंपणही सुधारते.

गर्दीत आपला नंबर कसा लावावा?

मोठे केंद्र एका जागी बसून साद घालते आणि लोक त्याच्याकडे येतात. लहान केंद्राने तसे बसू नये. पट्ट्याच्या एका टोकापासून निघावे, सावकाश पुढे सरकावे, जो साद घालतो त्याला गाठावे, नोंद करावी आणि पुढे जावे. खळ्यावर सांडलेले दाणे वेचावेत तसे.

कोणी दुर्मीळ केंद्र सापडले की तिथे शंभर जण एकदम ओरडत असतात. नवखा माणूस त्यांच्यावर ओरडतो. जाणता आधी ऐकतो. तो किती वेळ थांबून उत्तर देतो? पहिल्याला घेतो की शेवटच्याला? जिथे सर्वांचा गलका ओसरतो तिथे अर्ध्या सेकंदाची फट असते. तेवढ्यात आपले पूर्ण खूणनाव एकदाच, स्पष्ट आणि न ओढता सांगावे. दोन-तीनदा जमले नाही तर जागा लिहून ठेवावी, पुढे जावे आणि तासाभराने परत यावे.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पहिली, २२ क्रमांकाच्या विभागातून बोलणारी केंद्रे मोजकी असतात. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रालाही तुमच्यामुळे गुणक मिळतो, त्यामुळे ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ ऐकले की तो कान टवकारतो. दुसरी गोष्ट रविवारची. शनिवारी मोठ्या केंद्रांपुढे रांग असते. रविवारी दुपारपर्यंत ताकदवान केंद्रांची एकमेकांशी गाठ पडून झालेली असते आणि तीच बलाढ्य केंद्रे नव्या आवाजासाठी आसुसलेली असतात. आदल्या दिवशी ज्याने तुम्हाला ऐकले नाही, तोच ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा’ म्हणत थांबतो. कंटाळून शनिवारी रात्रीच सेट बंद करणारा या वेळेला मुकतो.

ऐकू आले नाही ते अंदाजाने लिहायचे नाही. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांत सर्वांनी आपल्या नोंदी पाठवायच्या असतात आणि त्या संगणकावर एकमेकींशी ताडून पाहतात. एक अक्षर चुकले की तो संपर्क बाद, वर दंडाचे गुणही वजा. तेव्हा शंका असेल तर ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात कमीपणा नाही. आपापल्या देशात आपल्या गटात पहिला येणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. १०० वॅटच्या गटात चिकाटीने बसणाऱ्याला ते अप्राप्य नाही.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न घरात कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर स्पर्धेच्या बाहेर आहे.

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. भारती प्रसाद या त्याच्या प्रमुख होत्या. अंदमानातून हॅम केंद्र चालवायला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम तिथला आवाज पकडायला धडपडत होते. पथकाचे दिवस अशा गर्दीतून एकेक खूणनाव टिपण्यात जात होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांवरचे दूरध्वनी तुटले. त्याच सेटवरून, त्याच माणसांनी मुख्य भूमीशी संपर्क साधला. कोण वाचले, कोण कुठे आहे, कशाची गरज आहे, हे निरोप पुढे गेले. काल जे कान गर्दीतून परदेशी खूणनावे वेचत होते, ते आज एखाद्या घरचे नाव अचूक लिहून घेत होते.

आपल्या किल्लारीचा १९९३ चा भूकंप, ओडिशाचे १९९९ चे महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, अशा प्रत्येक वेळी हौशी रेडिओचालक मदतीला धावले. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते. हॅमला बांबू, तार आणि बॅटरी पुरते. पण सामान असून भागत नाही. थकलेल्या अवस्थेत, खरखरीत, घाईत एक अक्षरही न चुकता ऐकण्याची सवय लागते, आणि ती संकटाच्या दिवशी अचानक येत नाही. वर्षातल्या त्या अठ्ठेचाळीस तासांत ती अंगी मुरते.

सुरुवात कशी करावी?

पूर्वी ऐकण्याचा रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. तो काळ गेला. बोलण्याच्या सेटला मात्र परवाना हवाच. तो नसताना बोलणे गुन्हा आहे. परीक्षा केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयामार्फत होते. तिच्यात वीज आणि रेडिओची प्राथमिक माहिती आणि बोलण्याचे नियम असतात. परवान्याच्या प्रतीवर किती वॅट वापरता येतील हे ठरते. शाळकरी मुलामुलींनाही परीक्षेला बसता येते. विज्ञानाची गोडी असलेली मुलगी घरात असेल तर तिला आवर्जून सांगा.

परीक्षेआधी नुसते ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या हौशी मंडळींनी आपला रेडिओ इंटरनेटवर खुला ठेवला आहे. तो मोबाइलवरही ऐकता येतो. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी तासभर ऐकत बसा. वही-पेन्सिल घ्या आणि कानावर येतील ती खूणनावे लिहा. पहिल्या दहा मिनिटांत काही उमजणार नाही. तासाअखेर पाच-सहा नावे पूर्ण लिहून झाली असतील, तर सेट विकत घेण्याआधीच अर्धे काम शिकून झाले असे समजा.

मग जवळच्या शहरातला एखादा परवानाधारक हॅम शोधा आणि त्याच्याकडे बसून एक स्पर्धा पाहा. ही मंडळी शिकवायला उत्सुक असतात. परवाना हाती आला की पहिल्या वर्षी नंबराची आशा धरू नका. दहा देश मिळाले तर दहा लिहा. दुसऱ्या वर्षी तार दोन हात उंच करा आणि पंधरा लिहा. जुन्या वह्या जपून ठेवा. कोणत्या तासाला कोणता मुलूख मिळाला याची ती नोंद पुढच्या ऑक्टोबरात कामी येते.